राजूर घाटावरचा थेंब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

परगावी आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला की आम्ही बुलडाणेकर आधी त्याचं नाव विचारत नाही. ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ हे विचारतो. बुलडाणा, चिखली, मेहकर घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव घाटाखाली. हवा वेगळी, बोलण्यातला हेल वेगळा, सोयरिकी जुळवतानाही हा हिशेब मधे येतो. बुलडाण्याहून मोताळ्याकडे निघालं की गाव संपता संपता राजूर घाट लागतो. तिथल्या माथ्यावर पावसाचा एक थेंब पडला असं समजा. तो थोडा इकडे पडला तर ओहोळाओहोळाने पैनगंगेला जातो, येळगावच्या धरणात जरा विसावतो, पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळतो. थोडा तिकडे पडला तर नळगंगा, मग पूर्णा, मग तापी आणि सुरतेजवळ अरबी समुद्र. थेंब तोच, ढग तोच. फरक माथ्यावरच्या चार हातांचा.

शाळेत भूगोलात हे शिकलो आणि विसरूनही गेलो. पुन्हा आठवलं ते अगदी भलत्या विषयात.

२०१४ सालची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तो चालताना पडायचा, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहायचा. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या. आम्हाला वाटायचं, पोरगा आळशी आहे. तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं: ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. स्नायूंच्या पेशींना आतून आधार देणारं डिस्ट्रोफिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याच्या जनुकातच चूक, त्यामुळे ते प्रथिन बनतच नाही आणि स्नायू हळूहळू झिजत जातात. हा आजार बहुतेक करून मुलांनाच होतो.

मग एका मोठ्या शहरातल्या एका खासगी दवाखान्याचं पत्रक कुणीतरी घरी आणून दिलं. गुळगुळीत कागद, मधोमध एक गोल पेशी आणि तिच्यातून निघालेले बाण. एक बाण मेंदूकडे, एक हृदयाकडे, एक स्नायूकडे. मुलाच्याच कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या कण्यात टोचायच्या. त्या जिथे गरज असेल तिथे जाऊन तसतशा पेशी होतील, असं तिथे समजावून सांगण्यात आलं. मेहुण्यांनी दोन एकर विकलं. मीही सोबत गेलो होतो. परतीच्या गाडीत खिडकीशी बसलेल्या भाच्याने मला विचारलं, ‘‘मामू, उसको मालूम कैसा पडता, पाँव में जाना है करके?’’

मी बी.ए. मराठीचा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला. मी त्याला म्हणालो, ‘‘डॉक्टर को मालूम रहता बेटा.’’ पण प्रश्न डॉक्टरला काय माहीत आहे हा नव्हताच. पेशीला काय माहीत असतं, हा होता. आणि मला तेव्हा कल्पना नव्हती की माणसं हाच प्रश्न दोन-अडीच हजार वर्षं विचारत आली आहेत.

गर्भात आधी काय तयार होतं, यावर सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चक्क वाद नोंदवलेला आहे. शौनक म्हणतात आधी डोकं, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य म्हणतात नाभी, मार्कंडेय म्हणतात हातपाय. शेवटी धन्वंतरींचं मत येतं की सगळे अवयव एकदमच होतात; कोवळ्या आंब्यात किंवा बांबूच्या कोंबात सगळे भाग असतात, पण सूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत, तसं. गर्भाच्या वाढीचे टप्पे कुराणात आले आहेत, गर्भोपनिषदातही आले आहेत. या ग्रंथांत सूक्ष्मदर्शक शोधण्याची हौस मला नाही. ती असलेली मंडळी दोन्हीकडे भरपूर आहेत. मला मौज वाटते ती वादाची. कारण धन्वंतरींची बाजू आणि इतरांची बाजू हाच वाद पुढे युरोपात शंभर-दीडशे वर्षं चालला. एक पक्ष म्हणायचा, बीजात पूर्ण माणूस आधीच घडी घालून ठेवलेला असतो, तो फक्त मोठा होतो. १६९४ साली हार्टसोकर नावाच्या डच माणसाने शुक्रजंतूच्या डोक्यात उकिडवा बसलेला छोटा माणूस काढूनही दाखवला. दुसरा पक्ष म्हणायचा, आधी काहीच नसतं, एकेक गोष्ट नव्याने घडते.

निकाल लावला तो कोंबडीच्या अंड्याने. आमच्या दादीला हे सांगितलं असतं तर तिला मुळीच नवल वाटलं नसतं. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवल्यावर सहा-सात दिवसांनी ती रात्री एकेक अंडं कंदिलापुढे धरायची. आत लाल कोळ्यासारखं काही दिसलं की अंडं परत टोपलीत. नितळ दिसलं की ते गार, म्हणजे वाया. तो ‘कोळी’ म्हणजे रक्तवाहिन्यांचं जाळं. ॲरिस्टॉटलनेही हेच केलं होतं, फक्त तो रोज एक अंडं फोडून बघायचा. दादीने ते केलं नसतं. तिला पिल्लं हवी होती.

१७५९ साली कास्पार फ्रीडरिख वोल्फ याने अंड्यातल्या गर्भाचं निरीक्षण मांडलं. पुढच्या दशकात त्याने दाखवलं की आतडं आधीपासून नळी म्हणून नसतं. एक सपाट पडदा असतो, तो वळतो, कडा जुळतात आणि नळी होते. १८१७ साली पँडरने दाखवलं की गर्भात सुरुवातीला तीन थर असतात. पुढे कळलं की वरच्या थरातून कातडी आणि मज्जासंस्था होते, मधल्यातून स्नायू, हाडं, रक्त आणि आतल्यातून आतडं, यकृत, फुप्फुसाचं अस्तर. म्हणजे घडी घातलेला माणूस नव्हता. पण मग साध्या थरातल्या एका पेशीला कोण सांगतं की तू स्नायू हो?

१८८८ साली विल्हेल्म रू याने बेडकाच्या गर्भाच्या पहिल्या दोन पेशींपैकी एक तापलेल्या सुईने मारली. उरलेलीतून अर्धाच गर्भ झाला. त्याला वाटलं, वाटणी पहिल्या फटक्यातच होते. तीन वर्षांनी हान्स ड्रीशने समुद्री अर्चिनच्या गर्भाच्या दोन पेशी हलवून हलवून सुट्या केल्या, तर प्रत्येकीतून अर्धा नाही, पूर्ण जीव तयार झाला. आकाराने लहान, एवढंच. रूने मारलेली पेशी जिवंत पेशीला चिकटून राहिली होती, तिथेच गफलत झाली. एकटी पडलेली पेशी सगळं घर उभं करू शकते, शेजारी असला तर अर्धंच करते. म्हणजे पेशी शेजाऱ्याची दखल घेते. ड्रीश या निकालाने इतका हबकला की पुढे त्याने जीवशास्त्र सोडून तत्त्वज्ञान धरलं. कवी म्हणून मला त्याच्याबद्दल सहानुभूती आहे.

यानंतरचा प्रयोग जर्मनीतल्या फ्रायबुर्गचा. हान्स श्पेमान यांच्या हाताखाली हिल्डे मांगोल्ड ही विद्यार्थिनी पीएच.डी. करत होती. हत्यारं काय, तर काचेच्या बारीक सुया आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फास. तिने फिक्या रंगाच्या न्यूटच्या (हा पाण्यातला सरड्यासारखा प्राणी) गर्भातला एक विशिष्ट तुकडा काढून गडद रंगाच्या न्यूटच्या गर्भावर, पोटाच्या बाजूला लावला. तिथे खरं तर पोटाची कातडी व्हायची. पण तिथे दुसरा गर्भच उभा राहू लागला, पाठीच्या कण्यासकट, पोटाला पोट चिकटलेल्या जुळ्यासारखा. रंग निरनिराळे असल्यामुळे हिशेब करता आला: नव्या गर्भाची मज्जानलिका बहुतेक गडद पेशींची होती. म्हणजे पाहुण्या तुकड्याने स्वतः काम केलं नव्हतं. त्याने यजमानाच्या पेशींना कामाला लावलं होतं. ज्या पेशी कातडी होणार होत्या त्या मज्जा झाल्या. श्पेमान यांनी त्या तुकड्याला ‘संघटक’ म्हटलं.

हा निबंध १९२४ साली छापून आला. त्याच वर्षी सप्टेंबरात घरातल्या स्टोव्हचा भडका उडून हिल्डे मांगोल्ड भाजून गेली. वय पंचविशीचं, पदरात लहान मूल. श्पेमान यांना १९३५ साली नोबेल मिळालं. ही हकीकत वाचली त्या रात्री मला पुढे वाचवलं नाही.

संघटक कसला हुकूम देतो, हे शोधायला जगभर झुंबड उडाली आणि सगळे चिखलात रुतले. कारण मारलेला, उकळलेला तुकडाही तेच काम करायचा. इतकंच काय, मेथिलीन ब्लू हा साधा रंगही करायचा! या खटपटीतल्यांपैकी एक होते इंग्रज शास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन. त्यांनी हे प्रयोग न्यूटवरून पक्ष्यांच्या गर्भावर आणले. कोंबडीचं अंडं उबवायला लागलं की पहिल्या दिवसातच पिवळ्या बलकावरच्या चकतीत एक बारीक रेष उमटते, तिला आदिरेषा म्हणतात. रेषेच्या टोकाशी एक गाठ असते, ती हेन्सनची गाठ. पक्ष्यांमधला संघटक ती गाठ.

आता इथे आपलं माणूस येतं, आणि ज्यासाठी मी एवढा लांबून आलो ते हेच. आमच्याकडच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्राणिशास्त्राच्या एका सरांना मी भाच्याचा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, ‘‘तुम्ही लीला मुल्हेरकर हे नाव ऐकलंय?’’ मी ऐकलं नव्हतं. सुरेश भटांवर मी दोन तास बोलेन, पण हे नाव ऐकलं नव्हतं.

लीला मुल्हेरकर १९५०च्या दशकात एडिंबरोला वॉडिंग्टन यांच्या प्राणी आनुवंशिकी संस्थेत संशोधनाला गेल्या. त्या काळी बाईने परदेशी जाऊन गर्भावर प्रयोग करायचे, ही साधी गोष्ट नव्हती. आदिरेषेच्या दोन्ही बाजूंच्या भागांतही शेजाऱ्यांना असं वळण लावायची ताकद आहे का, हा त्यांचा प्रश्न. त्यावरचा त्यांचा निबंध १९५८ साली गर्भविज्ञानाच्या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच दशकात, १९५५ साली, डेनिस न्यू यांनी कोंबडीचा गर्भ अंड्याबाहेर वाढवायची पद्धत काढली होती: बलकावरचं पातळ आवरण गर्भासकट सोडवून घ्यायचं आणि काचेच्या कड्यावर ताणून बसवायचं, डफावर कातडं ताणावं तसं. मग गर्भ डोळ्यांसमोर वाढतो. महागडं यंत्र लागत नाही, लागतो तो हात आणि धीर. गरीब देशाला परवडणारं विज्ञान! पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात मुल्हेरकरबाईंनी हे काम रुजवलं, विद्यार्थी घडवले. त्यांच्या शिष्यांपैकी सुरेंद्र घासकडबी पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत कोंबडीच्या गर्भावर आणि हायड्रावर काम करत राहिले. हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यातला, तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यातून पुन्हा पूर्ण होणारा इवलासा जीव.

एडिंबरोतल्या त्याच दिवसांत, १९५७ साली, वॉडिंग्टन यांचं एक पुस्तक निघालं. त्यात एक चित्र आहे. एक डोंगरउतार, माथ्यावर एक गोटी. उतारावर खाली येता येता एका दरीच्या दोन दऱ्या होतात, दोनाच्या चार. गोटी एका दरीत शिरली की दुसरीत जाणं अवघड होत जातं, कारण मधे डोंगर उंचावत जातो. गोटी म्हणजे गर्भातली पेशी, दऱ्यांची टोकं म्हणजे स्नायू, मज्जा, कातडी. सरांनी ते चित्र दाखवलं आणि मी म्हणालो, ‘‘अहो सर, हा तर आपला राजूर घाट!’’ ते हसले आणि म्हणाले, आधी खरोखर नदीच होती. १९४०च्या पुस्तकात वॉडिंग्टन यांनी जॉन पायपर या चित्रकाराकडून दरीतून समुद्राकडे वाहत जाणारी नदी काढून घेतली होती. गोटी नंतर आली. शास्त्रज्ञाला आधी चित्रकाराकडे जावंसं वाटलं, याचं मला बरं वाटलं.

१९५७च्या पुस्तकात आणखी एक चित्र आहे. उताराच्या खालून दोऱ्या बांधलेल्या आहेत, त्या जमीन ओढून धरतात. त्या दोऱ्या ज्या खुंट्यांना बांधल्या आहेत, त्या खुंट्या म्हणजे जनुकं. आपल्या प्रत्येक पेशीत, काही अपवाद सोडले, तर जनुकांचा संच तोच असतो. डोळ्याच्या पेशीत यकृताचीही जनुकं असतात, पण ती बंद. कुठली वाचायची आणि कुठली मिटून ठेवायची, यावर पेशीचं रूप ठरतं. शेजारच्या पेशींतून प्रथिनं झिरपत येतात; जवळच्या पेशीला ती जास्त मिळतात, लांबच्या पेशीला कमी, आणि प्रमाणानुसार वेगवेगळी जनुकं उघडतात. काही जनुकं मुकादमासारखी असतात, ती उघडली की पुढच्या दहा-वीस जणांना कामाला लावतात. १९८७ साली अमेरिकेत मायोडी नावाचं असं एक जनुक सापडलं. ते एकटं एका साध्या जोडणाऱ्या पेशीत चालू केलं तर ती स्नायूपेशी व्हायला निघते. वळण लागलं की त्यानुसार जनुकांच्या धाग्यावर खुणा उमटतात, काही भाग घट्ट गुंडाळले जातात आणि पेशीचं विभाजन झालं तरी लेकी त्या खुणा घेऊनच जन्मतात. म्हणून यकृताच्या पेशीला यकृताचीच पेशी होते.

आणि संघटकाचं कोडं? ते १९९२ नंतर उलगडलं, आणि उलटं उलगडलं. बेडकाच्या गर्भात दिसलं की वरच्या थरातली पेशी मोकळी सोडली तर ती मुळात मज्जेकडेच जाते. शेजारून बीएमपी नावाचं प्रथिन तिला ‘कातडी हो’ म्हणत असतं. संघटक नॉगिन, कॉर्डिन अशी प्रथिनं सोडतो आणि ती बीएमपीचा आवाज बंद करतात. म्हणजे इतकी वर्षं सगळे ज्याला हुकूम समजत होते, तो दुसऱ्याच्या हुकुमाला घातलेला आळा होता. मेथिलीन ब्लूने लोक का फसले, याचाही यावरून अंदाज येतो: जी पेशी आधीच काठावर बसलेली आहे, तिला कुणाचाही धक्का पुरतो.

हे सगळं आपल्याकडच्या कपाशीतही चाललेलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. खामगावच्या बाजारात ज्या धाग्याच्या लांबीवर भाव ठरतो, तो प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी. फूल उमलतं त्या सुमारास बियाच्या सालीवरच्या पेशींपैकी साधारण चारांत एखादी लांब व्हायला लागते, बाकीच्या साल होऊन राहतात. ती एकटी अडीच-तीन सेंटीमीटर वाढते, मग सेल्युलोजचे थर आत भरत भरत मरते. शेजारीच जन्मलेल्या दोन पेशी, एक धागा आणि एक टरफल.

उतारावरून गोटी परत वर नेता येते का? येते. १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक, केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यात घातलं आणि त्यातून बेडकाचं पिल्लू घडलं. शाळेत जीवशास्त्रात शेवटून पहिला आलेला हा मुलगा. शास्त्रज्ञ व्हायची त्याची कल्पना हास्यास्पद आहे, असं मास्तरांनी प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं आणि ते त्यांनी चौकट करून टेबलाशी लावलं. २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या कातडीतल्या पेशीत फक्त चार जनुकं चालू करून ती गर्भावस्थेसारखी बहुक्षम केली, पुढच्या वर्षी माणसाची. दोघांना २०१२ साली नोबेल मिळालं. आपल्याकडेही परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेतल्या गटाने मानवी गर्भातल्या मूलपेशींच्या दोन वाणांची माहिती २००९ साली प्रसिद्ध केली. त्या कामात १९८६च्या टेस्ट ट्यूब बेबीमुळे घराघरांत पोचलेल्या डॉ. इंदिरा हिंदुजाही होत्या.

मात्र अशी माथ्यावरची पेशी तशीच अंगात सोडली तर ती शहाण्यासारखी हव्या त्या दरीत जात नाही. उंदरात टोचली तर तिची गाठ होते, आणि तीत हाड, केस, मज्जा सगळं कालवलेलं असतं. तिला प्रयोगशाळेत दिवसेंदिवस, क्रमाने, एकेक वळण द्यावं लागतं. हाडाच्या मगजातली मूलपेशी तर माथ्यावरची नव्हेच. ती उतारावर बरीच खाली आलेली असते. तिच्यापुढे रक्ताची, फार तर हाड-कुर्चा-चरबीची दरी असते. म्हणून रक्ताच्या कर्करोगात, थॅलेसेमियात मगजाचं रोपण होतं आणि त्याने माणसं वाचतात, ते खरं आहे. पण पाठीच्या कण्यात टोचलेली ती पेशी पायाचे स्नायू बांधत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की रक्ताशी संबंधित मान्य आजार सोडले तर मूलपेशींचा वापर रीतसर चाचणीतच व्हावा, उपचार म्हणून पैसे घेऊन नाही. आम्ही २०१४ साली गेलो होतो.

आणि एक साधी गोष्ट, जी त्या दवाखान्यात कुणी बोललं नाही आणि आम्हालाही विचारायची सुचली नाही. पेशी त्याच्याच हाडातल्या होत्या. त्यातली एखादी चमत्काराने स्नायू झालीही असती, तरी डिस्ट्रोफिनच्या जनुकातली तीच चूक तिच्यात असती.

भाचा आता विशीत आहे. चाकाच्या खुर्चीत असतो, हात थोडे चालतात, मोबाइलवर वाचतो, बी.ए.चा अभ्यास करतो. मागच्या पावसाळ्यात त्याला गाडीत घालून राजूर घाटात नेलं. काच खाली करून तो पाणी बघत होता. मी त्याला गोटी, नदी, पैनगंगा, नळगंगा सगळं समजावलं आणि शेवटी ती साधी गोष्टही सांगितली. त्याने मान हलवली. म्हणाला, ‘‘मेरीच पेशी, तो गलती भी मेरीच. इत्ता मालूम रहता तो वहीच पूछते थे ना, मामू.’’

ते दोन एकर घाटाखाली, रस्त्याला लागूनच आहेत. परतताना दिसले. नव्या मालकाने यंदाही कपाशीच लावली होती.